नाताळच्या सुट्टीत नातवंडे घरी येतात तेव्हा

पांढुर्णा आणि सौंसर भागातल्या आपल्या घरांमध्ये बाहेरगावी राहणारी नातवंडे वर्षातून तीनदा येतात: दिवाळीत, उन्हाळ्यात आणि नाताळात. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि मध्यप्रदेशातल्या शाळांची सुट्टी जेमतेम पाच-सहा दिवसांची. मे महिन्यात ऊन इतके असते की लहान मूल सकाळी दहानंतर अंगणात सोडता येत नाही. राहिला नाताळ. हवा चांगली, वावरात हिरवळ, खायला ताजे. मुलांना आजी-आजोबा निवांत मिळावेत, असा हा आठवडा.

पण ते निवांत मिळत नाहीत, ही खरी अडचण. आपल्याकडे याच दिवसांत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी चाललेली असते. व्यापारी येतात, मजूर येतात, गाड्या भरतात. तूर पिकत आलेली, गव्हाला पाणी देणे चालू. म्हणजे मुले सगळ्यात मोकळी आणि मोठी माणसे सगळ्यात गुंतलेली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. पण चार नातवंडांचे सात-आठ नाताळ सांभाळल्यावर जे हाती आले ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे. मुख्यतः सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे.

तारखा आणि तिकिटे

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करू. ‘नाताळची सुट्टी’ सगळ्या मुलांना एकाच वेळी नसते. मध्यप्रदेश शासनाच्या शाळांना पूर्वी 25 डिसेंबरच्या आसपास हिवाळी सुट्टी लागायची. 2024-25 या वर्षी ती 31 डिसेंबर ते 4 जानेवारी अशी होती. पुण्या-बंगळुरूच्या सीबीएसई शाळा बहुधा 25 डिसेंबर ते 1 जानेवारी बंद असतात. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळांची लांब सुट्टी दिवाळीतच होऊन गेलेली असते, त्यामुळे नाताळाला थोडेच दिवस मिळतात. अमेरिकेतली मुले मात्र दोन आठवडे घेऊन येतात, आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस रात्री दोनला उठून खेळण्यात जातात.

परिणाम असा की पुण्याची नात आणि छिंदवाड्याचा नातू एका घरात जेमतेम एक-दोन दिवस भेटतात. आमच्याकडे एक वर्ष ती सकाळी गेली आणि तो संध्याकाळी आला. तेव्हापासून मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या शाळांच्या तारखा मागवून एका कागदावर मांडतो. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, म्हणजे 25 डिसेंबरचे तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढावे लागते. ते दिवस नेमके दिवाळीच्या धावपळीचे असतात, म्हणून कागद आधी हवा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलासाठी वेगळा बर्थ नको असेल तर अर्धे भाडे आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, असा नियम आहे. रात्रीच्या प्रवासात सहा वर्षांच्या मुलासाठी बर्थ घ्यावाच. पैसे वाचवून आई रात्रभर बसून येते आणि दुसऱ्या दिवशी तिची चिडचिड सगळ्यांना भोगावी लागते.

पांढुर्णा नागपूर-इटारसी या मुख्य मार्गावर आहे, पण सगळ्या लांबच्या गाड्या येथे थांबत नाहीत. सौंसरवाल्यांना तर नागपूरला उतरणेच सोयीचे. तेथून सौंसर साधारण सत्तर किलोमीटर आणि पांढुर्णा शंभरच्या आसपास. गाडी पहाटे पोचत असेल तर लहान मुलाला घेऊन लगेच निघू नये. धुके असते आणि उघड्या रिक्षा-जीपमधला वारा बोचतो. तास-दीड तास थांबून, गरम काही पाजून, ऊन वर आल्यावर निघावे.

बगीचा आणि विहीर

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला ते.

माझी निम्मी नोकरी शेतीकर्जात गेली. नवी विहीर, जुन्या विहिरीचे खोलीकरण, मोटारपंप, अशा प्रकरणांची पाहणी करायला मी या दोन्ही तहसिलींतली किती वावरे फिरलो असेन याचा हिशोब नाही. विहिरीचा व्यास, खोली, बांधकाम किती हात वर आले, हे सगळे मी टेप लावून मोजले. कठडा आहे की नाही, हे मात्र कधी अहवालात लिहिले नाही, कारण तसा रकानाच नव्हता.

काही वर्षांपूर्वी 27 डिसेंबरला आमच्या बगीच्यात तोडणी होती. व्यापारी आलेला, मी क्रेटची मोजणी करत होतो, मुलगा गाडीजवळ, सूनबाई मजुरांच्या चहाचे बघत होती, आमची मंडळी झाडाखाली स्वयंपाकाला बसलेली. चार वर्षांची नात सगळ्यांच्या मध्ये खेळत होती. मला वाटले ती आजीजवळ आहे. आजीला वाटले आईजवळ. आईला वाटले ती माझ्याजवळ क्रेट मोजते आहे, कारण सकाळी ती खरेच मोजत होती. एवढ्यात तोडणीवाल्या बायांपैकी एकीचा आवाज आला, “भाऊ, पोरगी विहिरीकडं गेली!” आम्ही धावलो. नात विहिरीच्या काठावर पोटावर पालथी पडून, डोके आत घालून खाली बघत होती. ओरडणारी बाई आमच्या आधी पोचली होती आणि तिने फ्रॉकची मागची पट्टी मुठीत धरली होती. नातीला काहीच झाले नव्हते. ती म्हणाली, “आजोबा, आत कबुतरं राहतात.” विहिरीच्या कपारीत पारवे असतात, ते तिने आदल्या दिवशी माझ्याच कडेवर बसून पाहिले होते. तिला तेथला रस्ता मीच दाखवला होता.

त्या विहिरीचे कर्ज मी मंजूर केले नव्हते, पण अशाच कितीतरी विहिरींच्या कर्जावर माझ्या सह्या आहेत.

आम्ही सहा मोठी माणसे तेथे होतो. लक्ष सगळ्यांचेच होते आणि ताबा कोणाचाच नव्हता. बँकेत असे चालत नाही. तिजोरीच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि चावी दुसऱ्याला देताना रजिस्टरवर सही होते. कोणत्याही क्षणी विचारले तर रोकड कोणाच्या ताब्यात आहे याचे एकच उत्तर असते. तेव्हापासून आमच्या घरी हीच पद्धत आहे. वावरात किंवा गर्दीत प्रत्येक लहान मूल एका नावाच्या माणसाच्या ताब्यात असते. तो माणूस जागचा हलणार असेल तर दुसऱ्याला तोंडाने सांगतो, “पोरगी तुझ्याकडे”, आणि दुसरा “हो, माझ्याकडे” असे म्हणेपर्यंत पहिला हलत नाही. सुरुवातीला जावईबापू हसले. आता तेच सगळ्यांत काटेकोर आहेत. ज्याच्या ताब्यात मूल, त्याने मोबाइल बघायचा नाही, मोजणी करायची नाही, चूल सांभाळायची नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाळी बदलावी. लहान मुलामागे त्याहून जास्त वेळ डोळ्यांत तेल घालून राहणे साठीच्या माणसाला जमत नाही, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

ताब्याबरोबर जागेची पाहणीही हवी. मुले येण्याआधी एकदा बगीच्यात जाऊन गुडघ्यावर बसावे आणि तेवढ्या उंचीवरून काय दिसते ते बघावे. विहिरीला निदान तीन-साडेतीन फूट कठडा हवा. बांधणे लगेच शक्य नसेल तर काटेरी फांद्यांचे दाट कुंपण आणि तारेची जाळी. पावसाळ्यानंतर काठावर वाढलेले गवत डिसेंबरात तसेच असते आणि त्यात काठ दिसत नाही, ते कापून घ्यावे. शेततळे विहिरीपेक्षा फसवे. त्याचे पाणी उथळ वाटते, पण उतारावरचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. काठाला खुंटा ठोकून गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब पाण्यात कायम टाकून ठेवावी. उघडी बोअरवेल असेल तर ती त्याच दिवशी बंद करावी. डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या बैतूल जिल्ह्यात आठ वर्षांचा मुलगा बोअरवेलमध्ये पडला आणि चार दिवसांच्या प्रयत्नांनंतरही वाचला नाही. उघड्या बोअरवेलबाबत सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश 2010 पासून आहेत आणि 2024 मध्ये आपल्या राज्याच्या विधानसभेने कायदाही केला. तरी झाकण बसवायला कोणी भोपाळहून येणार नाही.

बगीच्यातल्या खोलीत फवारणीची औषधे असतात. ती कुलपात ठेवावी, आणि रिकाम्या डब्यात-बाटलीत पाणी भरून ठेवण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती कायमची मोडावी. रानडुकरांसाठी शेजारच्या वावरात तार लावली आहे का, हे शेजाऱ्याला स्पष्ट विचारावे. झटका मशीनची तार वेगळी आणि थेट लाईनवरून आकडा टाकलेली तार वेगळी. दुसरी बेकायदेशीर तर आहेच, जीवघेणीही आहे. ट्रॅक्टर किंवा गाडी मागे घेताना प्रत्येक मूल कोणाच्या कडेवर आहे हे मोठ्याने विचारल्याशिवाय गाडी हलवू नये.

घरातली थंडी

आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना आपली उंच छपराची घरे गार वाटतात. म्हणून कोणीतरी शेगडी पेटवून खोलीत आणते आणि दार लावून घेते. हे कधीही करू नये. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेले माणूस झोपेतच जाते. न्हाणीघरातला गॅस गिझरही त्याच जातीचा: खिडकी उघडी नसेल तर त्यावर मुलाला आंघोळ घालू नये. शेकोटी अंगणातच शोभते.

पाणी तापवायची रॉड दर हिवाळ्यात कोणत्या तरी घरी अपघात करते. बादलीत रॉड असताना न्हाणीघराला बाहेरून कडी, आणि रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्यावरच पाण्याला हात. आंघोळीच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. भरलेली बादली रांगत्या मुलाजवळ सोडू नये. दीड वीत पाणीही त्याला पुरे होते.

बाकी थंडीचा फार बाऊ करू नये. सकाळी नऊनंतर अंगणात चटई टाकून तेल लावून ऊन द्यावे, कान झाकावे, जाड एका स्वेटरपेक्षा पातळ दोन घालावे म्हणजे दुपारी एक काढता येते. आजीची गोधडी पुरते.

खाणे

हा भाग मात्र आनंदाचा. ओल्या तुरीच्या शेंगा उकडून, सोलेभात, वांग्याचे भरीत, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, बोरे, ऊस, आणि झाडावरची संत्री. बाजारातून आणलेले संत्रे आणि सकाळच्या दवात तोडलेले संत्रे यांतला फरक मुलांना सांगावा लागत नाही. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही. सालीचा रस एकमेकांच्या डोळ्यांत उडवणे चालू असते.

काळजी घ्यायची ती घशाची. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, बियांसकट बोर देऊ नये. शेंगदाणे कुटून द्यावे, बोराचा गर काढून द्यावा. संत्र्याची फोड सोलून, बी काढून, हातावर द्यावी, आणि खाताना मुलाला बसवावे. पळता-पळता खाणे हेच खरे कारण असते. घास अडकला, मुलाला खोकताही येत नाही, रडताही येत नाही, असे झाले तर तोंडात बोट घालून चाचपडू नये, वस्तू आणखी आत जाते. मुलाला पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्या आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा. यापुढच्या कृती वयाप्रमाणे वेगळ्या आहेत, त्या आपल्या डॉक्टरांकडून एकदा हाताने करून शिकून घ्याव्या. वाचून येत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. आमच्या पिढीला चाटवले होते हे खरे, पण त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, असे डॉक्टर सांगतात. यावरून घरात वाद होतो. तो नातवाच्या आईच्या बाजूने मिटवावा.

दिवस कसा घालवावा

मुलांना काम द्यावे, कार्यक्रम नको. संत्री लहान-मोठी वेगळी करणे हे चार वर्षांचे मूलही एक तास मन लावून करते. तोडताना फळ ओढायचे नाही, देठ कात्रीने कापायचा, नाहीतर साल फाटते आणि फळ टिकत नाही, हे सहा वर्षांच्या नातवाने तोडणीवाल्यांकडून शिकले आणि मला शिकवले. शेळीला पाला घालणे, तुरीच्या शेंगा सोलणे, गोवऱ्या मोजणे. मोबाइल काढून घ्यावा लागत नाही, तो आपोआप चार्जिंगला राहतो. संध्याकाळी सहानंतर मात्र मागणी होते.

त्या वेळेसाठी गोष्ट. योगायोगाने या आठवड्यात आपल्या माणसांच्या जयंत्या ओळीने येतात: 24 डिसेंबरला साने गुरुजी (1899), 26 ला हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे (1914), 27 ला पंजाबराव देशमुख (1898), 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले (1831). एकेका रात्री एकेकाची गोष्ट, भाषण न करता. ‘श्यामची आई’ची प्रकरणे रात्रींच्याच नावाने आहेत, तेव्हा मोठ्या मुलांना रोज एक रात्र वाचून दाखवता येते, लहानांना ती सांगावी लागते.

येथे भाषेचा प्रश्न येतोच. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तरी शाळा-कचेरीची भाषा हिंदीच. आपली नातवंडे मराठी समजतात, उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत देतात. मी टोकत नाही. टोकले की ती बोलायचीच थांबतात. पण तोडणीवाल्या बाया, गडी, शेजारच्या काकू हिंदीत वळत नाहीत, आणि मुलाला त्यांच्याकडून काही हवे असते: दोर, कात्री, शेळीचे पिल्लू. चौथ्या दिवशी नात “मले दे ना वं” म्हणाली तेव्हा तिच्या आईला हे शुद्ध मराठी नाही म्हणून वाईट वाटले. मला अजिबात नाही.

नाताळ हा सण आपल्यातल्या बहुतेकांच्या घरचा नसला तरी जिल्ह्याला परका नाही. छिंदवाडा हे मध्यप्रदेशातल्या लुथेरन चर्चचे मुख्य ठिकाण; स्वीडिश मिशनरी येथे एकोणिसाव्या शतकात आले. मराठीत तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी उपासनागीतांची मोठी परंपरा उभी केली. शाळेत लाल टोपी घालून आलेल्या मुलाने “सांता आपल्या घरी का येत नाही?” असे विचारले तर वाद घालण्यापेक्षा ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे संत्र्यांची टोपली घेऊन जावे. आम्ही जातो. त्यांच्याकडचा केक येतो, संक्रांतीला आपला तिळगूळ जातो.

एक दिवस नागपूर करावे, एकच. रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग, अजब बंगला यांपैकी कोणतेही एक. तिन्ही करायला गेलात तर संध्याकाळी सगळे रडतात, मोठ्यांसह. सौंसरवाल्यांनी मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय निवडावे. 2015 पर्यंत सौंसर-रामाकोनावरून जी छोटी गाडी छिंदवाड्याला जात होती, तशी इंजिने तेथे उभी आहेत, आणि “आजोबा या गाडीने कॉलेजला जायचे” हे दाखवायला ती एकच जागा उरली आहे. जामसावळीच्या मारुतीला शनिवार-मंगळवार सोडून जावे, गर्दी कमी असते. तेथेही मुलाचा ताबा ठरवूनच आत शिरावे.

परत जाताना

जाताना प्रत्येकाला संत्र्यांची पेटी द्यायची असते. तोडून लगेच भरू नये. एक दिवस सावलीत पसरून ठेवावी, साल थोडी मऊ पडते आणि प्रवासात फुटत नाही. खरचटलेले, देठ निघालेले फळ वेगळे काढावे. एक सडले की चार घेऊन जाते. खोक्याला भोके पाडावी, तळाशी आणि मध्ये वाळलेले गवत किंवा कागद, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. दोन दिवसांच्या प्रवासाला पाच-सहा किलोंचे खोके पुरे, कारण ते शेवटी मुलाच्या बापालाच उचलायचे असते. मुलाने स्वतः निवडलेली दोन संत्री वेगळ्या पिशवीत त्याच्या हातात द्यावी. ती बहुधा हिरवी आणि आंबट असतात. बदलू नयेत.